पूलवालीची बाजू

मास्तरांचा उजवा पाय कधी स्वस्थ बसत नसे. सगळा जन्म लोकांना गाडी शिकवण्यात गेला होता. शिकवण्याच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्यावर पाय ठेवून ठेवून त्यांना अशी खोड लागली होती, की घरी खुर्चीत बसलेले असताना कुणी घाईघाईने खोलीत शिरलं तरी त्यांचा पाय फरशीत रुतायचा. बायको गरम पातेलं घेऊन आली की हे हटकून व्हायचं. ती म्हणायची, "मास्तर, थांबले मी. काढ पाय."

बायकोही मूळची त्यांची विद्यार्थिनीच. लग्नाआधी ती 'मास्तर, तुम्ही' म्हणायची, लग्नानंतर 'मास्तर, तू' म्हणू लागली. मास्तर तेवढं कायम राहिलं. गाडी तिला शेवटपर्यंत धड आली नाही, पण त्याचा दोष ती मास्तरांच्या पायाला द्यायची. हा मला कधी मनासारखं ठोकूसुद्धा देत नाही, असं पाहुण्यांना सांगायची.

गेल्या थंडीत ती गेली. आजार लांबला नाही, त्यातल्या त्यात एवढंच बरं. आता घरात मास्तर आणि मुलगी, दोघंच.

मुलीचं काम व्हिडिओ गेम बनवायचं. घराच्या मागच्या खोलीत तिचं दुकान होतं. गोष्ट आणि आवाज ती सांभाळायची, चित्रं तिचा भागीदार काढायचा. भागीदाराला छातीपर्यंत दाढी होती आणि घरात सगळे त्याला दाढीच म्हणत, तोंडावरसुद्धा. दोघांनी केलेला पहिला गेम बरा चालला होता. त्यात एक वाटसरू कंदील घेऊन निघतो. वाटेत लाकडी पूल लागतो आणि पुलावर एक म्हातारी. ती कुणाला पलीकडे जाऊ देत नाही. बूट काढून घेते, पुलाच्या फळ्या उचकटते, काठी घेऊन अंगावर धावते. तिचं नाव पूलवाली, आणि पूलवालीचा आवाज मास्तरांच्या बायकोचा.

दुसऱ्या कुणाला बोलवायला तेव्हा ऐपत नव्हती. मुलीने आईला कपड्यांच्या कपाटात बसवलं होतं, कारण गोधड्यांमध्ये आवाज घुमत नाही. मास्तरांना पंखा बंद करायला लावलं होतं, नळ सोडायचा नाही असा दम दिला होता. ते बाहेर घामाघूम होऊन बसले होते आणि कपाटातून बायकोचा ओरडा, मग हसणं, मग पुन्हा ओरडा ऐकू येत होता. बाहेर आली तेव्हा केस विस्कटलेले, चेहरा लाल. म्हणाली, आज फार बरं वाटलं.

मास्तरांनी तो गेम कधी उघडला नव्हता. ती असताना गरज वाटली नाही आणि ती गेल्यावर धीर होईना.

त्या आठवड्यात दातांची एक डॉक्टर त्यांच्याकडे गाडी शिकत होती. दवाखान्यात भल्याभल्यांना तोंड उघडायला लावणारी बाई, पण चौक दिसला की तिला घाई सुटायची. मास्तरांनी सकाळपासून बऱ्याचदा ब्रेक दाबला होता. शेवटी ती वैतागली.

"मास्तर, तुम्ही अगदी त्या पूलवालीसारखे आहात. माणूस जरा पुढे निघाला की आडवे."

मास्तरांनी विचारलं, कोण पूलवाली? बाईने गाडी चालवता चालवता सगळं सांगितलं. दिवसभर लोकांच्या दाढा उपटून झाल्या की रात्री तो गेम खेळते म्हणाली. फार दुष्ट म्हातारी आहे. वर हसते कशी, ऐकवत नाही. "मी तर हल्ली तिचं बोलणं पुरं होऊच देत नाही. दिसली की सरळ नदीत ढकलते."

रस्ता मोकळा होता. पुढे माणूस नाही, मांजर नाही. तरी गाडी कचकन थांबली.

"आता काय झालं?" बाई म्हणाली.

"काही नाही," मास्तर म्हणाले. "आरसा बघा आणि निघा."

घरी आले तर मागच्या खोलीत तीच म्हातारी चर्चेला होती. गेमचा दुसरा भाग करायचं ठरलं होतं आणि दाढी सांगत होता, की सुरुवातीलाच पूल कोसळलेला दाखवू, त्याबरोबर पूलवालीही वाहून गेली असं दाखवू. आवाज द्यायला काकू नाहीत, मग तिला ठेवायचं कशाला? मुलगी पडद्यावरची नजर न काढता चालेल म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली, की दाढीच चपापला.

मास्तर चहाचे कप घेऊन दारात उभे होते. त्यांना त्या खोलीतलं काही कळत नसे, पण एक गोष्ट लख्ख कळली. नवा गेम आला की लोक जुना बाजूला टाकणार, आणि नव्यात ती नसेल. म्हणजे हिला दुसऱ्यांदा पोहोचवून यायचं. त्यांनी कप टेबलावर ठेवले आणि बुडवायला तिने असं केलंय काय, असं विचारलं.

दाढीने समजावलं. ती खलनायिका आहे काका, वाईट आहे, वाईटाचा शेवट लोकांना आवडतो. मास्तर म्हणाले, दुसऱ्याचा ब्रेक लागला की प्रत्येकाला तो माणूस वाईटच वाटतो. माझ्याकडे शिकलेल्या कुणालाही विचार. आधी तिची बाजू तर बघू दे. चित्रं काढायला कधी घेणार? दाढी म्हणाला, सोमवारी. मास्तर म्हणाले, मग सोमवारी सांगतो.

"बाबा, तू गेम खेळणार?" मुलगी म्हणाली.

"का? मला गाडी येते."

दुसऱ्या दिवशी दुपारी सुट्टीत ते घरी आले. बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर मुलीने गेम लावून दिला, कंट्रोलर हातात दिला, कुठलं बटण कशाचं ते दाखवलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. दार लागता लागता ती कानांवर हेडफोन चढवतानाही त्यांना दिसली.

मास्तरांनी कंट्रोलर स्टिअरिंगसारखा दोन्ही हातांनी धरला. वाटसरू रस्त्याच्या कडेकडेने, एका बाजूने निघाला. वळण आलं की मास्तर स्वतःही तिकडे कलत. लोक या रस्त्यावरून उड्या मारत पळतात, पण त्यांनी वाटसरूला एकदाही पळवलं नाही. वाटसरूच्या पाठीवर पिशवी होती, कमरेला जेवणाचा डबा लटकत होता. शेवटी पूल आला. पुलाच्या तोंडाशी दाढीने शोभेसाठी एक पाटी रंगवली होती: 'थांबा'.

मास्तर थांबले.

पलीकडून म्हातारी उठली. "अरे ए! एक पाऊल पुढे टाकलंस तर बघ!"

तिचाच आवाज. सर्दी झालेली असताना यायचा तसा थोडा जाड, पण तिचाच. मास्तरांची बोटं कंट्रोलरवर तशीच राहिली. खरं तर इथे लोक पुढे घुसतात आणि मारामारी सुरू होते. पण पाटीवर थांबा लिहिलं होतं, आणि कुणी जा म्हणेपर्यंत जायचं नाही हे मास्तर जन्मभर शिकवत आले होते. वाटसरू उभा राहिला. म्हातारीही काठी टेकून उभी राहिली. वारा सुटला, पुलाखालून पाणी गेलं. बराच वेळ काहीच झालं नाही.

मग म्हातारी म्हणाली, "जेवलास का?"

मास्तरांनी टीव्ही बंद केला, स्वयंपाकघरात गेले आणि उगाच नळ सोडून उभे राहिले.

बायको वीज कार्यालयात तक्रारींच्या खिडकीत बसायची. रोज दुपारी खिडकी बंद झाली की पहिला फोन मास्तरांना. शिकणाऱ्याला बाजूला गाडी लावायला सांगून ते फोन घ्यायचे. पलीकडून एवढंच, "मास्तर, जेवलास का?" ते हो म्हणायचे, ती बरं म्हणायची, फोन संपला. आता दुपारी फोन वाजत नाही, आणि मास्तरांचा डबा अर्धा भरलेलाच घरी परत येतो. मुलगी तो रिकामा करून घासायला टाकते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. हळूहळू चालत पूल, पाटी, थांबणं. जेवलास का? टीव्ही बंद. तिसऱ्या दिवशीही तेच. त्यापुढे एक पाऊल टाकायचा त्यांना धीर होत नव्हता आणि गरजही वाटत नव्हती. पुरावा मिळाला होता.

रविवारी त्यांनी डॉक्टरबाईला गाडीतच ऐकवलं, की पूलवाली वाईट नाही, गैरसमज आहे, तिच्यापुढे जरा थांबून बघा. बाई म्हणाली, मास्तर, तिने माझे बूट नेलेत. मास्तर म्हणाले, ओल्या फळ्यांवर बूट घसरतात, म्हणून काढून घेते. बाई म्हणाली, आणि फळ्या? मास्तर म्हणाले, गतिरोधक. लोक पळत येतात, त्यांना हळू करायला नको? डॉक्टरबाई इतकी हसली की मास्तरांना पुन्हा ब्रेक दाबावा लागला.

सोमवारी मागच्या खोलीत त्यांनी बाजू मांडली. बूट, गतिरोधक, सगळं सांगितलं आणि शेवटचा पत्ता टाकला. "जी बाई अनोळखी माणसाला जेवलास का विचारते, ती वाईट कशी असेल? तुमचे लोक थांबतच नाहीत, म्हणून त्यांना ऐकू येत नाही."

मुलीने तोंडावर हात धरला होता. मास्तरांना वाटलं, हिला भरून आलंय.

दाढी मात्र पुरता विरघळला. उगाच वाईट दाखवली म्हणाला, आणि कामालाच लागला. पूलवालीचा एक मुलगा होता असं करू. तो याच पुलावरून पडला. तेव्हापासून ती कुणाला जाऊ देत नाही, सगळ्यांच्या भल्यासाठी. शेवटी वाटसरू तिला आई म्हणेल. बोलता बोलता त्याने चित्रही काढलं आणि पडदा मास्तरांकडे वळवला.

पांढरी शाल घेतलेली एक म्हातारी होती. हात जोडलेले, डोळ्यांत पाणी, मान एका बाजूला.

"कशी वाटते, काका?"

चित्र सुरेख होतं. मास्तर चष्मा काढून, मग लावून बघत राहिले. बाई भली होती, यात वाद नव्हता. कुठल्याही अनोळखी घरात तिला पाणी दिलं असतं. पण ही कोण?

"चांगली आहे," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"आता फक्त आवाज शोधायचा," दाढी म्हणाला. "सात्त्विक पाहिजे."

मास्तर चमकले. आवाज आहे की, ते म्हणाले. तिचाच ठेवायचा, त्यासाठीच तर एवढं भांडलो.

मुलीने तोंडावरचा हात काढला. ती रडत नव्हती. "बाबा, चांगुलपणाचं आईचं एकही वाक्य नाहीये आपल्याकडे. ही पूलवाली करायची तर बाई दुसरी घ्यावी लागेल."

"एकही कसं नाही? जेवलास का, हे काय आहे?"

"ते चांगलं वाक्य नाहीये, बाबा."

मग मुलीने विचारलं, "तू त्याच्या पुढचं ऐकलंस?"

मास्तरांनी खरं ते सांगितलं. पुढचं ऐकलं नव्हतं. तिथेच बंद करत होतो म्हणाले.

मुलगी उठली. त्यांना बाहेरच्या खोलीत घेऊन गेली, खुर्चीत बसवलं, टीव्ही लावला आणि स्वतः शेजारी जमिनीवर बसली. दाढी दारात. वाटसरूला पाटीपर्यंत मास्तरांनीच नेलं, आणि वाटेत कुणी त्यांना घाई केली नाही. म्हातारी ओरडली. वारा सुटला, पाणी गेलं.

"जेवलास का?"

मास्तरांचा अंगठा बंद करायच्या बटणाकडे गेला. मुलीने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"नाही ना?" म्हातारी म्हणाली. "बरं झालं. म्हणजे डबा भरलेला असेल. टाक इकडे."

आणि हसली. काठीच्या टोकाने वाटसरूच्या कमरेचा डबा अलगद उचलला, झाकण उघडलं आणि कुरूम कुरूम खायला लागली. तो आवाज खराच होता. आईने कपाटात खरी काकडी मागून घेतली होती, मुलगी म्हणाली, खोटं खोटं खाणार नाही म्हणाली.

"मीठ कमी आहे," म्हातारीने वाटसरूला सुनावलं. "तोंड काय बघतोस? तक्रार आहे? रांगेत ये. रांग कुठे आहे? मी आत्ताच मोडली. खिडकी बंद झाली, उद्या ये. उद्यापण बंद आहे. तुझा अर्ज? मिळाला ना, अगदी वेळेवर मिळाला. चुलीत घातला. छान पेटला."

मास्तरांनी आधी हुंदका दिल्यासारखा आवाज केला. मग तो हुंदका नाही हे सगळ्यांच्या लक्षात आलं. ते हसत होते. चष्मा खाली पडला तरी हसत होते. सगळा जन्म ती त्या खिडकीत बसून लोकांच्या शिव्या खात गोड बोलली होती. बघते हं, जरा थांबा हं, तुमचं बरोबर आहे हं. घरी येऊन पाय बादलीत घालायची आणि तेव्हाही कुणाला वाईट म्हणायची नाही. आणि इथे पुलावर बसून ती एकेकाचा हिशेब चुकता करत होती.

"मी तिला तेव्हा विचारलं होतं," मुलगी म्हणाली. "म्हटलं, आई, पूलवाली अशी का झाली त्याचं काहीतरी कारण टाकू का? काही दुःख वगैरे? ती म्हणाली, कारण नको. जन्मभर लोकांची कारणंच ऐकलीत. मला एकदा फुकट वाईट होऊ दे." तिने नाक पुसलं. "आणि तू तिला परत चांगली करायला निघालास."

"मला काय माहीत," मास्तर म्हणाले. "मला वाटलं, मला विचारतेय."

मुलीने डोकं त्यांच्या गुडघ्याला टेकलं. थोड्या वेळाने म्हणाली, ती गेल्यापासून मीही आज पहिल्यांदा ऐकलं. काम करताना आवाज बंद ठेवत होते. म्हणून तर वाहून जाऊ दे म्हटलं. पडद्यावर म्हातारी वाटसरूचा रिकामा डबा नदीत भिरकावत होती.

"अजून आहे तिचं काही?" मास्तरांनी विचारलं.

"खूप आहे. थांबवतच नव्हती ती स्वतःला. अर्धं मी वापरलंच नाही, फारच दुष्ट होतं."

दारातून दाढीने घसा साफ केला. शाल काढावी लागेल, तो म्हणाला, आणि ते जोडलेले हातही. मास्तर म्हणाले, डोळ्यांतलं पाणी आधी काढ. आणि मुलगाबिलगा कुणी पडला नाही. दाढी म्हणाला, मग काका, तुमचा गतिरोधक? तो राहू दे, मास्तर म्हणाले, पण ती लोकांना पाडायला फळ्या काढते, तसंच लिहा. दाढीने त्याच दिवशी नवी पूलवाली काढली. पूल पहिल्याहून लांब, पायांत लोकांचे बूट एकावर एक चढवलेले, आणि गालात पाव कोंबलेला. मास्तरांनी बघितलं आणि त्यांचा पाय फरशीत रुतला.

डॉक्टरबाई पहिल्याच खेपेला परीक्षा पास झाली. शेवटच्या दिवशी तिने चौकात गाडी स्वतःहून थांबवली, तीही पाटीच्या अलीकडे, आणि मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी पाय वर उचलून दाखवला. मग ती म्हणाली, तुमचं ऐकून मी त्या म्हातारीपुढे थांबून बघितलं. माझा सगळा डबा खाल्ला हो तिने, वर मीठ कमी म्हणाली. आणि तुम्ही म्हणत होता गैरसमज आहे.

"माझाच होता," मास्तर म्हणाले. "फार वाईट बाई आहे. माझी बायको ती."

बाईने गाडी कडेला घेतली. नीट, आरसा बघून. मग दोघं बराच वेळ बोलत बसले आणि पुढचा शिकाऊ फाटकापाशी ताटकळत राहिला.

मास्तर अजूनही दुपारी घरी येतात. टीव्ही लावतात, वाटसरूला कडेकडेने पुलापर्यंत नेतात आणि पाटीशी उभा करतात. मग स्वतःचा डबा मांडीवर उघडून खायला सुरुवात करतात. पुलावरून प्रश्न येतो तेव्हा त्यांचा घास तोंडात असतो.

"जेवतोय," ते म्हणतात. "याला मीठ बरोबर आहे. आणि तुला मिळणार नाही."

पडद्यावर तिची काठी वाटसरूच्या डब्याकडे सरकते. मास्तर आपल्या डब्यावर झाकण ठेवतात, हात दाबून धरतात आणि ती काय म्हणते ते शेवटपर्यंत ऐकतात.